नाव काय म्हणालात?

मी फोन ठेवला तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. फोनवर मी एवढंच बोललो होतो, "हां, मिलिंद बोलतोय. स्टेशनवरून निघालोय, विद्यापीठाकडेच येतोय." सकाळचे साडेनऊ वाजले असतील. छावणीच्या बाजूने जाणाऱ्या त्या रस्त्याला ऊन लागायला सुरुवात झाली होती. रिक्षाच्या समोरच्या काचेखाली अंगठ्याएवढी पांढरी बुद्धमूर्ती चिकटवलेली, तिच्यापुढे प्लास्टिकचं एक फूल, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते फूल मान डोलावत होतं. "मिलिंद का, सर?" तो म्हणाला. आवाजात एकदम ओळख आली होती. "आपल्या कॉलेजचं नाव. बाबासाहेबांनी ठेवलेलं. घरच्यांनी विचार करून ठेवलं बघा तुमचं."

"नाही नाही," मी म्हणालो, "आमच्याकडे त्याचा अर्थ भुंगा."

त्याने परत एकदा आरशात पाहिलं. "भुंगा?" मग जरा थांबून, "हो का." त्यानंतर विद्यापीठाच्या गेटपर्यंत तो काही बोलला नाही. भाडं घेतलं, दहा रुपये सुटे होते ते मोजून परत दिले, आणि रिक्षा वळवून गेला. रागावला असंही नाही. उघडलेली खिडकी माणूस वारा जास्त वाटला म्हणून शांतपणे लोटून घेतो, तसं काहीसं झालं. आणि वारा मीच सोडला होता.

गोष्ट एवढीच. पण त्या रात्री लॉजच्या खोलीत पंख्याचा खडखडाट ऐकत पडलो असताना मला 'भुंगा' टोचला नाही, 'आमच्याकडे' टोचलं. आणि त्याच्याही आधीचं ते दुहेरी 'नाही नाही'. कुणी पैसे मागितले असते तर मी एकदाच 'नाही' म्हणालो असतो. इथे एक माणूस मला आपल्यात घेत होता, आणि मी दोनदा म्हणालो.

खरं तर मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या काकांचं नाव अरविंद. घरात अरविंद असताना पुढच्या मुलाचं नाव मिलिंद ठेवायचं, हा आजोबांचा हिशेब. कमळ आहे तर भुंगा हवाच, शिवाय यमकही जुळतं. आजोबांना अमरकोश पाठ होता. दिवेलागणीला आम्हा नातवंडांकडून ते घोकून घ्यायचे, आणि भुंग्याच्या श्लोकावर आले की माझ्याकडे बोट करायचे. 'मधुव्रतो मधुकरो मधुलिण्मधुपालिनः, द्विरेफपुष्पलिड्भृङ्गषट्पदभ्रमरालयः.' कितीतरी वर्षं मी हा श्लोक स्वतःच्या मालकीचा समजून म्हणत होतो. चाळिशी उलटल्यावर एकदा सहज पुस्तक काढून बघितलं, तर त्यात मधुकर आहे, भ्रमर आहे, षट्पद आहे, आणि मिलिंद कुठेच नाही. भुंगा या अर्थाने तो शब्द नंतरच्या संस्कृत काव्यात येतो, आपल्या मराठी पंडित कवींनी तर तो मनसोक्त वापरला. पण आजोबा ज्या श्लोकावर बोट ठेवून माझं नाव दाखवायचे, त्या श्लोकात माझं नाव नव्हतं. हे कळलं तेव्हा आजोबा नव्हते, आणि असते तरी मी सांगितलं नसतं.

शाळेत आमच्या वर्गात दोन मिलिंद होते. मास्तर हजेरीत आडनावानेच हाक मारायचे, त्यामुळे घोटाळा व्हायचा नाही. मधल्या सुट्टीत मात्र व्हायचा. सहावीत असू. एकदा नळावर पाणी पिताना दुसऱ्या मिलिंदने मला विचारलं, "तुझा कुठला?" म्हणजे कुठला मिलिंद. मी अमरकोशाच्या जोरावर 'भुंगा' म्हणालो. तो ओंजळीतलं पाणी सोडून हसला. "माझा राजा आहे. तो प्रश्न विचारायचा आणि अख्ख्या गावात कुणालाच उत्तर यायचं नाही." मला तेव्हा त्याचा इतका हेवा वाटला होता! माझा मिलिंद फुलाफुलांवर गुणगुणत फिरणारा, चित्रकलेच्या वहीत काढतात तसला. त्याचा मिलिंद घोड्यावर बसलेला. घरी येऊन मी आईला विचारलंही, की आपला राजा का नाही? आई पोळ्या लाटत होती. "असू दे," एवढंच म्हणाली. त्या 'असू दे'त काय काय होतं ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आणि नळावरचा तो हेवा कुठल्या वर्षी, कुठल्या रस्त्यात गळून पडला आणि त्याच्या जागी 'नाही नाही' येऊन बसलं, हे मात्र मला आजही नेमकं सांगता येत नाही.

नावांच्या बाबतीत ते शहर सोपं नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षं, माणसांनी घरं आणि जीव गमावले. अशा गावात एखादा पाहुणा रिक्षात बसून आपल्या नावाचा अर्थ दुरुस्त करून देतो.

तर तो राजा. मूळचा मेनान्द्रोस, यवन. म्हणजे ग्रीक. सिकंदर येऊन गेल्याला सुमारे पावणेदोनशे वर्षं झाली होती. त्याच्यामागे बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूला, राहिलेल्या ग्रीकांची नंतरची पिढी हिंदुकुश ओलांडून काबूलच्या खोऱ्यात आणि पंजाबात उतरली, त्यांतला हा सगळ्यांत नावाजलेला. इसवी सनापूर्वी साधारण १५५ ते १३० हा त्याचा काळ धरतात. राजधानी सागल, म्हणजे बहुतेकांच्या मते आजचं पाकिस्तानातलं सियालकोट, जिथले फुटबॉल जगभर जातात. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार आपल्याआधीच्या एका इतिहासकाराच्या हवाल्याने लिहितो, की हिंदुस्थानात सिकंदराने जिंकल्या त्याहून जास्त जमाती या ग्रीकांनी जिंकल्या, आणि त्यांतही विशेष करून मेनान्द्रोसने. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाचं उदाहरण म्हणून एक वाक्य येतं, 'अरुणद् यवनः साकेतम्', यवनाने साकेताला वेढा घातला. बोलणाऱ्याला स्वतः पाहता आली असती अशी ताजी घटना सांगताना कुठला भूतकाळ वापरायचा, ते शिकवायला हे वाक्य घेतलंय. तो यवन हाच की याच्याआधीचा ग्रीक राजा डेमेट्रिअस, यावर विद्वानांचं भांडण आहे. मला या भांडणापेक्षा त्या व्याकरणाच्या वर्गाचं जास्त वाटतं. बाहेर वेढा पडलाय, आणि आत गुरुजी त्याचा लङ् लकार चालवून घेतायत.

लढायांबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही. सगळ्याच राजांनी लढाया केल्या.

याच्या लढायांवर कुणी ग्रंथ लिहिला असेल तर तो उरला नाही. उरला तो त्याच्या प्रश्नांवरचा, पाली भाषेतला मिलिंदपञ्ह. ब्रह्मदेशात तर तो थेट त्रिपिटकातच धरतात. लॉजवरच्या त्या रात्रीनंतर मी तो पुन्हा काढला. पूर्वी एकदा चाळला होता, विद्वत्तेचा ग्रंथ म्हणून. या वेळी पहिल्याच पानांवर अडकलो. सागल नगराचं वर्णन आहे. सरळ आखलेले रस्ते, चौक, काशीची आणि कोटुंबरची वस्त्रं मांडलेली दुकानं, फुलांचा आणि अत्तरांचा वास. राजा गावाबाहेर सैन्याची पाहणी करून मोकळा होतो, सूर्याकडे बघतो आणि म्हणतो, अजून बराच दिवस उरलाय, इतक्या लवकर नगरात जाऊन करायचं काय? कुणी विद्वान आहे का, ज्याच्याशी बोलता येईल? मला हा राजा एकदम आवडून गेला. काम लवकर संपलेल्या माणसाला घरी जावंसं वाटत नाही, आणि दारू नको, जुगार नको, त्याला कुणीतरी वाद घालायला हवंय. पण तो ज्याला गाठतो तो दोन-चार प्रश्नांत गप्प होतो. मग तो म्हणतो, रिकामा आहे हा जंबुद्वीप, नुसता भुसा! हे अहंकाराचं बोलणं खरंच. पण त्यात कंटाळलेल्या हुशार माणसाचं एकटेपणही आहे. नळावरच्या माझ्या वर्गमित्राने ही गोष्ट अर्धीच सांगितली होती. अख्ख्या गावाला उत्तर यायचं नाही, इथपर्यंत. पुढे नागसेन नावाचा भिक्खू येतो.

नागसेनाला पाहिल्यावर राजाचं काय झालं ते सांगताना ग्रंथकाराला उपमांची हौस आवरत नाही. पेटाऱ्यातल्या सापासारखं, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं, जाळ्यातल्या माशासारखं, मांजरांत सापडलेल्या उंदरासारखं. विद्वानांना धाडधाड गप्प करणारा राजा घाबरलाय, आणि लेखक पानभर त्याची मजा घेतोय. मग राजा धीर करून जवळ जातो, नमस्कार-चमत्कार होतात, आणि त्या सगळ्या महाचर्चेतला पहिला प्रश्न येतो. मी तो वाचला आणि पुस्तक पालथं ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

पहिला प्रश्न होता, आपलं नाव काय?

आणि उत्तर असं. मला नागसेन म्हणतात. सोबतचे भिक्खू त्याच नावाने हाक मारतात. आईवडील नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, सिंहसेन ठेवतात. पण हे नाव म्हणजे बोलण्याची एक सोय आहे, त्याच्याआड माणूस म्हणून कुणी सापडत नाही. राजा चिडतो. सोबतच्या पाचशे यवनांना साक्षी ठेवून विचारतो, मग नागसेन कोण? केस? नखं? दात? कातडी? प्रत्येकाला भिक्खू नाही म्हणतो. सगळं मिळून? नाही. त्याहून वेगळं काही? तेही नाही. मग नागसेन हा नुसता आवाज, आपण खोटं बोलताय. आता भिक्खूची पाळी. महाराज, आपण नाजूक वाढलेले, दुपारची वाळू तापलेली, आलात ते चालत की वाहनाने? रथातून. मग रथ म्हणजे काय, दांडी? आस? चाकं? जू? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी त्याचं त्यालाच कळतं की दांडी, आस, चाकं यांच्यामुळे 'रथ' हे नाव पडतं, एवढंच. राजा खूश होतो. हरल्यावर खूश होतो हे महत्त्वाचं. माझा रथ तीन चाकांचा होता, त्याला मीटर होतं आणि पुढे बुद्धाची मूर्ती होती. त्या रथातही प्रश्न नावाचाच निघाला होता. फक्त आमच्यात प्रवासी शहाणा नव्हता.

पुढचं एक ठिकाण असंच थांबवणारं. नागसेन म्हणतो, महाराज, पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नको. फरक काय? पंडितांच्या वादात गुंडाळणं असतं, उलगडणं असतं, कुणी चुकलेला सापडतो, तो कबूल करतो, आणि कुणी रागावत नाही. राजे एक मुद्दा मांडतात, आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, पंडितासारखं बोलेन. आपण मोकळेपणी बोला, एखाद्या भिक्खूशी, श्रामणेराशी, उपासकाशी, विहारातल्या गड्याशी बोलावं तसं. सत्ता असलेल्या माणसाने स्वतःहून गड्याच्या रांगेत बसायचं कबूल केलं. हे त्या खऱ्या मेनान्द्रोसने केलं की ग्रंथ लिहिणाऱ्या भिक्खूने त्याच्याकडून करवून घेतलं, हे ठरवायला आता साक्षीदार नाही. पण भिक्खूला ही गोष्ट रचायची होती तर जवळचे राजे थोडे नव्हते. ही जागा त्याने एका परक्याला दिली.

मला त्यातली दुधाची गोष्ट फार आवडते. मरणारा आणि पुन्हा जन्मणारा तोच की दुसरा, असा वाद चाललाय. नागसेन सांगतो, समजा एकाने गवळ्याकडून घागरभर दूध विकत घेतलं, तिथेच ठेवलं आणि उद्या नेतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला तर दह्याची घागर. तो म्हणतो, मी दही कुठे घेतलं, माझं दूध दे. गवळी म्हणतो, तुझ्याच दुधाचं दही झालंय. आता महाराज, निवाडा कुणाच्या बाजूने कराल? गवळ्याच्या, राजा म्हणतो. तसाच रात्रभर जळणारा दिवा. पहिल्या प्रहरी जी ज्योत, तीच शेवटच्या प्रहरी का? तीच नाही, दुसरीही नाही. 'न च सो, न च अञ्ञो.' नळावर हेवा करणारा तो सहावीतला मुलगा आणि रिक्षात 'नाही नाही' म्हणणारा हा माणूस, या दोघांचा निवाडा मी बरेच दिवस करतोय. मुलगा म्हणतो, मी याला दूध देऊन गेलो होतो.

त्याच सुमारास पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं. एरवी गेलो नसतो. एका टेबलाशी मिशाळ गृहस्थ बसले होते, त्यांच्याकडे मेनान्द्रोसचं एक चांदीचं द्रम्म होतं. खूप नाणी पाडली त्याने, त्यामुळे आजही सापडतात आणि फार महागही नसतात. विकत घेणारा चेहरा माझा नव्हता, तरी त्यांनी ते तळहातावर ठेवू दिलं. अडीच ग्रॅमच्या आतबाहेर वजन, आजच्या रुपयापेक्षा लहान आणि हलकं. हातात घेतल्यावर आधी गार लागतं, मग मिनिटभरात आपल्याच अंगाइतकं गरम होतं, आणि आहे की नाही ते कळेनासं होतं. एका बाजूला राजा, आपल्याकडे पाठ करून, हातात उगारलेला भाला. दुसऱ्या बाजूला अथीना देवी, ढाल पुढे आणि हातात वज्र. पुढच्या बाजूला ग्रीक अक्षरं, 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू'. मागच्या बाजूला खरोष्ठी, ही वायव्येकडची जुनी लिपी, उजवीकडून डावीकडे, 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. खरोष्ठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवत नाहीत, म्हणून महाराज आणि त्राता यांचे काने गायब. शुद्धलेखनात मार खाणाऱ्या पोराने नाणं पाडल्यासारखं वाटतं. 'स' ही षष्ठी. महाराजाचं, तारणहाराचं, मेनंद्राचं. काय महाराजाचं, ते नाण्यावर लिहिलेलं नाही. ते हातात धरणाऱ्याने समजून घ्यायचं.

"हीच नाणी वापरून खरोष्ठी वाचली गेली," ते गृहस्थ म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हलका झाला, घरातली गोष्ट सांगताना होतो तसा. खरंच आहे ते. कंपनीच्या फौजेतून पळालेला चार्ल्स मॅसन नावाचा एक भटक्या १८३० च्या दशकात काबूलजवळच्या बेग्रामला हजारोंनी नाणी गोळा करत होता. त्याच्या लक्षात आलं की पुढच्या ग्रीक नावाच्या जागी मागे ठरावीक तीच खरोष्ठी अक्षरं येतात. मेनान्द्रू, अपोलोदोतू, बासिलेओस, सोतेरोस. त्याने ते कलकत्त्याला जुन्या लिप्या उकलणाऱ्या जेम्स प्रिन्सेपला कळवलं, आणि कित्येक शतकं मुकी असलेली लिपी बोलायला लागली. एका राजाने प्रजेला कळावं म्हणून आपलं नाव दोनदा लिहिलं. दोन हजार वर्षांनी एक लिपी त्या नावावरून उकलली.

आणि नाव तरी एका जागी कुठे राहिलं? ग्रीकांत मेनान्द्रोस, नाण्यावर मेनंद्र. पाकिस्तानातल्या बाजौरला सापडलेल्या एका अस्थिपात्राच्या झाकणावर मिनद्र महाराजाच्या कारकिर्दीतला कार्तिकाचा चौदावा दिवस वाचतात. खरोष्ठी आकड्यांत चौदा म्हणजे चार, चार, चार, एक, एक. पालीत मिलिंद, चिनी भाषांतरात मी-लान. दर मुक्कामाला एक अक्षर टाकलं, एक उचललं. शेवटी आमच्या घरी पोचेपर्यंत त्याला पंख फुटले होते.

आपल्या बाजूला तो स्वतः आलेला नाही. त्याचे पैसे मात्र जवळपास आले. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी भडोच बंदराबद्दल लिहितो, की इथे अजून अपोलोदोतोस आणि मेनान्द्रोसची जुनी द्रम्मं चालतात. म्हणजे राजा जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर. तोच खलाशी हेही लिहितो, की भडोचला पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, खडतर वाटांनी गाड्या भरून माल येतो. पैठणचा अकीक, तेरचं कापड. मला मग एक पैठणचा गाडीवान दिसायला लागतो. माल उतरवून झालाय, बैल सोडलेत, हातावर कुणीतरी एक झिजलेलं द्रम्म ठेवलंय, आणि तो ते दातांखाली धरून चावून बघतोय. त्याला नाव वाचता येत नाही. चांदी कळते. पैठणहून माझ्या त्या रिक्षाचा रस्ता पन्नासेक किलोमीटर.

कार्ल्याला मी लहानपणापासून जातोय, एकवीरेला जाताना वाट त्याच अंगणातून आहे. या पावसाळ्याअखेर गेलो तो खांब बघायला. बाहेर कोंबड्या, नारळ, हळदीचा वास, आणि आत चैत्यात एकदम ओली सावली आणि वटवाघळांचा उग्र दर्प. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थभो दानं.' धेनुकाकटच्या यवनाचं, सिंहध्वजाचं, खांबाचं दान. हात लावू नये हे माहीत असूनही मी बोटाच्या टोकाने तो 'य' शोधला. सिंहध्वज! नावात ग्रीकपणाचा मागमूस नाही. नाशिकच्या लेण्यात तर उत्तरेकडून आलेला एक योनक, म्हणजे यवनच, आहे, बापाचं नाव धर्मदेव, त्याचं स्वतःचं इंद्राग्निदत्त. एखाद्या अग्निहोत्र्याच्या घरचं वाटावं असं नाव. नुसतं नाव सांगितलं असतं तर त्यांना कुणी ओळखलं नसतं. पण खांबाचे पैसे मोजून, पाथरवटाला उभं करून, त्यांनी मुद्दाम कोरून घेतलं, यवनस. आम्ही तिकडचे. ते लपवावं असं त्यांना वाटलं नाही, आणि मिरवावं म्हणून कोरलं असंही वाटत नाही. अंगणातून आरतीचा आवाज येत होता, आणि मी विचार करत होतो की या माणसाला रिक्षात कुणी 'आपल्यातले का?' म्हणून विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता.

राजाच्या मरणाच्याही दोन गोष्टी आहेत. पाली ग्रंथ म्हणतो, त्याने मिलिंदविहार बांधून नागसेनाला दिला, राज्य मुलाकडे सोपवलं आणि घर सोडून अर्हत झाला. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार म्हणतो, मेनान्द्रोस न्यायाने राज्य करणारा राजा होता, छावणीत मेला, सगळ्या शहरांनी मिळून त्याचं अंत्यकार्य केलं. पण अस्थींवरून त्यांच्यात वाद झाला. शेवटी राख सारखी वाटून घ्यायची आणि प्रत्येक शहरात स्मारक बांधायचं, असं ठरलं. हे वाचून कुणालाही कुशीनगरची, बुद्धाच्या अस्थींच्या वाटणीची आठवण होईल. छावणीतलं मरण मला जास्त खरं वाटतं, आणि राखेची वाटणीही. तो आमचा, नाही तो आमचा. मग मूठमूठभर सगळ्यांचा. आजोबांनी एक मूठ उचलली आणि तिला भुंगा म्हणाले, नळावरच्या मिलिंदच्या वडिलांनी एक उचलली आणि राजा म्हणाले. फरक असा, की त्याच्या घरी राख कुणाची ते माहीत होतं.

बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये मराठवाड्यात कॉलेज सुरू केलं. ज्या मुलांच्या आज्यापणज्यांना कुठलाही प्रश्न विचारायची मुभा नव्हती, ती मुलं तिथे येणार होती. त्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद आणि भोवतीच्या सगळ्या परिसराला नागसेनवन. उत्तर देणारा झाडांच्या वाट्याला आला, आणि इमारतीवर नाव लागलं ते विचारणाऱ्याचं. हरणाऱ्याचं. मी यावर पुष्कळ विचार केला, आणि माझं मत असं झालं की एखाद्या कॉलेजला याहून चांगलं नाव सुचणं अवघड आहे.

पहिल्या दिवशीच्या चर्चेनंतर राजा घरी निघतो, तेव्हा ग्रंथकार एक बारीक गोष्ट नोंदवतो. राजा घोड्यावर बसतो (आला होता रथातून, पण असू दे) आणि जाताना तोंडाने नुसतं 'नागसेन, नागसेन' असं घोकत जातो. ज्या नावाआड कुणी सापडत नाही असं नुकतंच सिद्ध झालंय, तेच नाव. पुढे सगळी प्रश्नोत्तरं संपतात त्या रात्री दोघेही विचार करत बसतात, मी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं. आणि सकाळी भेटल्यावर राजा म्हणतो, आपल्याला असं वाटू नये की मी नागसेनाला प्रश्न विचारला या आनंदात मी रात्र काढली. मी नीट विचारलं की नाही, हेच तपासत होतो.

डिसेंबरात पुन्हा त्या गावी काम निघालं. स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेत मी दोन-तीन काचांखाली वाकून बघितलं. मूर्ती पुष्कळांकडे होत्या, तसं फूल कुणाकडे नव्हतं. चेहरा मला आठवतही नव्हता, आरशातले डोळे तेवढे आठवत होते. शेवटी एका पोरसवदा रिक्षावाल्याच्या रिक्षेत बसलो. त्याने काही विचारलं नाही, गाणी लावली. मी नागसेनवनात उतरलो. दुपारची वेळ, कडुनिंबाची पिवळी पानं रस्त्यावर, सायकली, परीक्षेचे फॉर्म हातात धरून उभी असलेली मुलं. एका जुन्या दगडी इमारतीत मला वाचनालय बघायचं होतं. दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर, दोरीने बांधलेलं पेन. रकाने तीन, नाव, गाव, काम. मी पेन उचललं, नावाच्या रकान्यात 'मिलिंद' लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

टेबलामागच्या गृहस्थांनी ते उलटं वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, सौजन्यानेच.

"पूर्ण लिहा, सर."

मी दोरी जरा ओढून घेतली आणि पूर्ण लिहिलं.